एका हलक्या धातूची हकीकत

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत एक चंदेरी फीत असते. मास्तर ती चिमट्यात धरतात, दिव्याच्या ज्योतीवर नेतात, आणि असा काही पांढरा लखलखाट होतो की मागच्या बाकावर पेंगणारी मुलेसुद्धा दचकून जागी होतात. फीत जळून जाते आणि मागे चिमूटभर पांढरी राख उरते. ही फीत मॅग्नेशियमची. आता विचार करा, ज्या धातूची नुसती फीत एवढा उजेड पाडते, त्याचे कोणी पिठासारखे बारीक चूर्ण केले, ते एका बंद पेटीत पातळ पसरले आणि त्यावर मुद्दाम लेसरचा झोत सोडला, तर काय होईल? कोणीही शहाणा माणूस म्हणेल, पेटी भडकेल. पण गेल्या पंधरा-सोळा वर्षांत जगातल्या काही प्रयोगशाळांतून नेमके हेच चालले आहे, आणि त्या पेट्यांतून यंत्रांचे सुबक, हलके भाग बाहेर येऊ लागले आहेत.

प्लास्टिकचे, पोलादाचे, टायटॅनियमचे भाग अशा रीतीने, म्हणजे थरावर थर रचून, घडवण्याची विद्या त्याआधीच रुळली होती. वर्तमानपत्रे तिला थ्रीडी प्रिंटिंग म्हणतात. मॅग्नेशियमच तेवढे मागे राहिले. ते का मागे राहिले, याचे उत्तर या धातूच्या दोनशे वर्षांच्या चरित्रात सापडते. मी इतिहासाचा शिक्षक, रसायनशास्त्राचा नव्हे. तेव्हा सूत्रे फार सांगणार नाही, हकीकत सांगतो.

पहिल्यांदा या धातूचा मोह माणसाला का पडला ते पाहू. एक लिटरचे माप घ्या. त्यात पाणी भरले तर वजन एक किलो. तेवढ्याच आकाराचा लोखंडाचा ठोकळा भरेल ७.८७ किलो, ॲल्युमिनियमचा भरेल २.७ किलो, आणि मॅग्नेशियमचा फक्त १.७४ किलो. यंत्राच्या बांधणीत सर्रास वापरता येईल असा याहून हलका धातू नाही. जे यंत्र एका जागी उभे राहते त्याच्या वजनाची कोणाला फारशी पर्वा नसते. पण जे पळते किंवा उडते त्याचा प्रत्येक किलो जन्मभर इंधन खात असतो. बैलगाडीचे जू उगाच जड कोणी करीत नाही, तसेच हे.

इंग्लंडात लंडनच्या दक्षिणेला एप्सम नावाचे गाव आहे. १६१८ साली तिथल्या एका शेतकऱ्याची तहानलेली गुरे एका डबक्याच्या पाण्याला काही केल्या तोंड लावीनात, कारण पाणी कडूजहर होते, अशी आख्यायिका सांगतात. मात्र त्या पाण्याने जखमा लवकर भरतात आणि पोटात घेतले तर कोठा साफ होतो, हे लोकांच्या ध्यानात आले. झालं! एप्समला रोग्यांची रीघ लागली. १६९५ साली नेहेमाया ग्रू या डॉक्टरने त्या पाण्यातल्या मिठावर पुस्तिकाच लिहिली. आज आपले शेतकरी पिकाच्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागला की मॅग्नेशियम सल्फेटची फवारणी करतात, ते हेच मीठ. पानाच्या हिरव्या रंगद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. तो कमी पडला की पान पिवळे पडते. म्हणजे हा धातू काही परका नव्हे. तो आपल्या शेतात आहे, हाडांत आहे, समुद्रात आहे. फक्त तो एकटा कधी सापडत नाही. ऑक्सिजनशी किंवा दुसऱ्या कोणाशी तरी त्याची गाठ पक्की बांधलेली असते.

ती गाठ सोडवायला विजेची गरज पडली. १७५५ साली स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी मॅग्नेशिया हा चुन्याहून निराळा पदार्थ आहे हे दाखवले, १८०८ साली लंडनला हंफ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने त्यातून धातू वेगळा केला, आणि १८२८ साली फ्रान्समध्ये बुसी यांनी तो बऱ्यापैकी शुद्ध स्वरूपात हाती आणला. पुढची तीसेक वर्षे त्याचा उपयोग काय, हे कोणालाच कळेना.

पहिला खरा उपयोग सापडला तो उजेडासाठी. १८६० नंतरच्या दशकात एडवर्ड सॉनस्टॅट यांच्या पद्धतीने मँचेस्टरकडे मॅग्नेशियमची तार आणि फीत तयार होऊ लागली, आणि छायाचित्रकारांनी ती उचलली. सूर्य नसेल तिथे फोटो निघत नसे असा तो काळ. १८६५ साली स्कॉटलंडचे राजज्योतिषी पियाझी स्मिथ हे मॅग्नेशियमची तार घेऊन इजिप्तच्या थोरल्या पिरॅमिडमध्ये शिरले आणि हजारो वर्षांच्या त्या अंधाराची छायाचित्रे त्यांनी काढली. १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड इतर द्रव्यांत मिसळून एकदम भडकणारे चूर्ण केले. ते चूर्ण न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस नावाच्या बातमीदाराच्या हाती पडले. गरिबांच्या चाळींतल्या अंधाऱ्या खोल्यांत एकेका ठिकाणी दहा-दहा माणसे कशी झोपतात, हे त्याने त्या लखलखाटात टिपले आणि १८९० साली पुस्तकरूपाने सुखवस्तू लोकांपुढे ठेवले. न्यूयॉर्कच्या घरसुधारणेच्या चळवळीला त्याने मोठी चालना मिळाली. पण त्याच चूर्णाने एका खोलीच्या भिंतीला आग लागली होती, हेही रीसनेच लिहून ठेवले आहे. एकाच चिमटीत उजेड आणि आग, असा या धातूचा स्वभाव.

त्यापुढचा अध्याय जर्मनीचा. जर्मनीत जमिनीखाली कार्नालाइट नावाचे मॅग्नेशियमयुक्त मीठ मुबलक. त्यापासून ग्रीसहाइम-इलेक्ट्रॉन या कंपनीने बिटरफेल्ड येथे धातू काढला, त्यात ॲल्युमिनियम आणि जस्त मिसळून मजबूत मिश्रधातू केला, त्याला ‘इलेक्ट्रॉन’ असे नाव दिले आणि १९०९ साली फ्रँकफुर्टच्या विमान प्रदर्शनात मांडला. विमान नुकतेच जन्माला आले होते, आणि त्याच्यासाठी हलका धातू बाजारात हजर झाला होता.

इथे आपल्याकडची एक आठवण सांगण्यासारखी आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांतल्या सायझिंग खात्यात ताण्याच्या सुताला खळ लावीत. खळ वाळून सूत ठिसूळ होऊ नये म्हणून तिच्यात मॅग्नेशियम क्लोराइड घालीत, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेते. हे मीठ येई जर्मनीहून. १९१४ साली महायुद्ध पेटले, जर्मन माल बंद झाला आणि गिरण्यांची पंचाईत झाली. तेव्हा कच्छच्या छोट्या रणाकाठी खाराघोड्याला, मिठागरात मीठ काढून झाल्यावर जे कडू पाणी उरते, त्यापासून मॅग्नेशियम क्लोराइड बनू लागले. आपल्या कोकणपट्टीतल्या मिठागरांतही असेच कडू पाणी उरते. हा धातू नव्हे, त्याचे मीठच. पण पुढे मीठ सोडून धातूच समुद्रातून काढायची वेळ आली.

ती वेळ दुसऱ्या महायुद्धात आली. अमेरिकेत डाऊ केमिकल ही कंपनी १९१६ पासून मिशिगनमधल्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मॅग्नेशियम काढीत होती. विमानांसाठी मागणी एवढी वाढली की तिने टेक्सासच्या किनाऱ्यावर फ्रीपोर्ट येथे थेट समुद्रच उपसायला घेतला. जानेवारी १९४१ मध्ये समुद्राच्या पाण्यातून काढलेली पहिली मॅग्नेशियमची लगड तिथे ओतली गेली. समुद्राच्या एक हजार लिटर पाण्यात मॅग्नेशियम असते साधारण सव्वा किलो. शिंपल्या भाजून केलेला चुना त्या पाण्यात टाकला की मॅग्नेशियमचा पांढरा साका खाली बसतो. त्यावर आम्लाची क्रिया करायची, वाळवायचे, वितळवायचे आणि त्यातून वीज सोडायची. कल्पना साधी, पण विजेचा खर्च अफाट.

त्याच सुमारास कॅनडात लॉइड पिजन या शास्त्रज्ञाने दुसरी वाट काढली. भाजलेला डोलोमाइट दगड (हा आपल्या यवतमाळ-चंद्रपूरकडेही सापडतो) आणि फेरोसिलिकन यांचे मिश्रण पोलादी नळकांड्यात भरायचे, आतली हवा ओढून घ्यायची आणि बाहेरून सुमारे १,२०० अंशांपर्यंत तापवायचे. मॅग्नेशियम वाफ होऊन दगडातून सुटते आणि नळकांड्याच्या थंड टोकाला जाऊन गोठते. दारू गाळायच्या भट्टीची रीत माहीत असणाऱ्याला हे लगेच उमगेल. या धातूला वाफ होण्याची फार घाई असते, हे ध्यानात ठेवा; लेसरपाशी पोचल्यावर त्याची गरज लागेल. डाऊने १९९८ साली मॅग्नेशियमचा धंदा सोडला. आज जगातल्या मॅग्नेशियमचे पाचांपैकी चार भागांहून अधिक चीनमध्ये, मुख्यतः पिजनच्याच पद्धतीने आणि कोळशाच्या आधारावर तयार होते. २०२१ च्या शरद ऋतूत शेन्सी प्रांतातल्या भट्ट्या विजेच्या काटकसरीसाठी काही काळ बंद ठेवल्या, तर युरोपातल्या कारखानदारांच्या तोंडचे पाणी पळाले.

युद्धात हा धातू दोन्ही कामांना लागला. विमानाची चाके, इंजिनाची आवरणे त्याची झाली. आणि आग लावणारे बाँबही त्याचेच झाले. इंग्रजांचा चार पौंडी आगलावू बाँब म्हणजे इलेक्ट्रॉन मिश्रधातूचीच षट्कोनी कांडी होती. त्या बाँबचे कवच हेच त्याचे जळण. १९४३ साली हँबुर्गसारखी शहरे ज्या आगींत जळली, त्यांत या कांड्यांचा मोठा वाटा होता. पहिल्यांदा ज्याने पिरॅमिडचा अंधार उजळला, त्याचेच हे दुसरे रूप.

युद्ध संपले आणि मॅग्नेशियम मोटारीत शिरले. फोक्सवॅगनच्या बीटल गाडीच्या इंजिनाचे आणि गिअरचे आवरण मॅग्नेशियमचे असे; एका गाडीत साधारण वीस किलो. अशा लाखो गाड्या जगभर सुखाने फिरल्या. पण लोकांच्या मनावर ठसा राहिला तो दुसऱ्याच गाडीचा.

११ जून १९५५. फ्रान्समध्ये ल माँ येथे चोवीस तासांची मोटारशर्यत चालू होती. पिअर लेव्हेग या चालकाची मर्सिडीज ३०० एसएलआर ही गाडी पुढच्या गाडीवर आदळून उसळली आणि प्रेक्षकांच्या बाजूच्या बांधावर कोसळली. गाडीचे अंग इलेक्ट्रॉन मिश्रधातूचे होते. इंजिन, आस, टप असे भाग सुटून गर्दीत घुसले. लेव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक प्राणाला मुकले. त्यातले बहुतेक बळी उडालेल्या भागांच्या तडाख्याने गेले, धातूच्या आगीने नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण बांधावर गाडी पेटली ती पांढऱ्याशुभ्र ज्वाळेने. विझवणाऱ्यांनी त्यावर पाणी मारले, आणि आग विझायच्या ऐवजी अधिकच खवळली. ती कित्येक तास जळत राहिली.

पाणी मारल्यावर आग का वाढते? पाणी म्हणजे हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांचा संयोग. जळते मॅग्नेशियम पाण्यातला ऑक्सिजन ओरबाडून घेते आणि हायड्रोजन मोकळा सोडते. तो स्वतःच जळाऊ वायू. कार्बन डाय-ऑक्साइडने आग विझते असे आपण शिकवतो, पण जळती मॅग्नेशियमची फीत त्या वायूच्या बरणीत सोडली तर ती तिथेही जळत राहते आणि बरणीत काळे कण उडतात. हा प्रयोग शिक्षकांनी सावधपणे करून दाखवण्याजोगा आहे. सांगायचा मुद्दा असा, की ही माहिती १९५५ साली नवी मुळीच नव्हती. शाळेच्या पुस्तकात होती. ती पंपाच्या नळीपाशी उभ्या असलेल्या माणसापर्यंत गेली नव्हती, असे मला वाटते. धातूला दोष देणे सोपे असते.

याच्या अगदी उलट बाजूची गोष्ट १९६८ ची. होंडा कंपनीने मॅग्नेशियमच्या अंगाची नवी शर्यतीची गाडी बांधली. त्यांचा मुख्य चालक जॉन सर्टीस याने ती चालवून पाहिली आणि ही गाडी धोकादायक आहे, शर्यतीला तयार नाही, असे स्पष्ट सांगून ती चालवायला नकार दिला. गाडी जो श्लेसर या फ्रेंच चालकाला देण्यात आली. ७ जुलै १९६८ रोजी रुआँच्या शर्यतीत सुरुवातीच्याच फेऱ्यांत ती उलटली, पेटली आणि श्लेसरचा जळून मृत्यू झाला. इथे धोका माहीत होता, बोलूनही दाखवला होता, तरी गाडी रस्त्यावर आली. या प्रकाराला मात्र अज्ञानाचे पांघरूण घालता येत नाही.

अशा घटनांनी मॅग्नेशियमची बदनामी झाली. प्रवासी विमानांच्या खुर्च्यांच्या नियमावलीत त्याला सरसकट मनाई होती. वास्तविक ठोकळा आणि फीत यांत फरक आहे. लाकडाचा ओंडका काडीने पेटत नाही, भुस्सा पेटतो. मॅग्नेशियमचा जाड भाग उष्णता झपाट्याने सगळीकडे पसरवतो, आणि तो वितळण्याच्या बेतात आल्याखेरीज सहसा पेट घेत नाही. शिवाय यट्रियम आणि निओडिमियमसारख्या धातूंची थोडी भर घातली तर पृष्ठभागावर अशी चिवट साय धरते की हवा आत शिरायला वाट मिळत नाही. इंग्लंडमध्ये विकसित झालेला डब्ल्यूई४३ हा मिश्रधातू या जातीचा. त्यात सुमारे चार टक्के यट्रियम असते. अमेरिकेच्या विमानवाहतूक खात्याने खऱ्याखुऱ्या आगीत खुर्च्या जाळून कसोट्या घेतल्या आणि २०१५ साली ती सरसकट मनाई उठली.

पण आता गंमत पहा. ओंडका सुरक्षित आहे हे पटवून देण्यात अर्धे शतक गेले, आणि नवी विद्या आली ती भुश्श्याचीच!

ही विद्या थोडक्यात अशी. वस्तू घडवण्याच्या दोन रीती माणूस पूर्वापार जाणतो. एक वेरूळच्या कैलासाची: अखंड दगड घ्यायचा आणि नको ते काढून टाकायचे. दुसरी कुंभारीण माशीची: चिखलाची एकेक गोळी आणून घर वाढवत न्यायचे. कारखान्यातले लेथ, मिलिंग ही पहिल्या जातीची कामे. त्यात महागड्या धातूचा कितीतरी भाग कीस होऊन जमिनीवर पडतो. अमेरिकेत चार्ल्स हल यांनी १९८४ साली प्रकाशाने घट्ट होणाऱ्या राळेचे थर रचून वस्तू करण्याच्या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याच दशकात टेक्सास विद्यापीठात कार्ल डेकर्ड या विद्यार्थ्याने लेसरने भुकटी सांधायची कल्पना काढली. जर्मनीत आखेन येथील फ्राउनहोफर संस्थेत १९९५-९६ च्या सुमारास धातूची भुकटी पूर्णपणे वितळवून घट्ट भाग करण्याची पद्धत निघाली.

बंद पेटीत एक पाटा असतो. त्यावर धातूच्या भुकटीचा थर पसरायचा, जाडी मिलिमीटरचा तीस-चाळिसावा भाग, म्हणजे कागदापेक्षाही पातळ. मग संगणकाच्या हुकमाने लेसरचा किरण त्यावर रांगोळीच्या रेघा ओढल्यासारखा फिरतो. जिथे फिरतो तिथे भुकटी वितळून खालच्या थराला चिकटते. बाकीची मोकळी राहते. पाटा किंचित खाली जातो, नवा थर, पुन्हा रेघा. एक सेंटिमीटर उंची गाठायला तीन-चारशे थर लागतात. शेवटी मोकळी भुकटी झटकली की आत भाग तयार. ओतीव कामात कधी जमणार नाही अशी जाळी, आतून पोकळ, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी, अशा रीतीने करता येते. मुळात हलका धातू, त्याची पोकळ जाळी. विमानवाल्यांना आणि उपग्रहवाल्यांना याचा मोह पडणार नाही तर काय!

आता तो वाफेचा स्वभाव आठवा. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि उकळते जवळजवळ २,५०० अंशांना. मध्ये ऐसपैस जागा. मॅग्नेशियम वितळते ६५० ला आणि उकळते १,०९० च्या सुमारास. म्हणजे मधली पट्टी साडेचारशे अंशांचीसुद्धा नाही. चुलीवरचे दूध नुसते तापवायचे आहे, उतू जाऊ द्यायचे नाही, आणि चूल मात्र लेसरची. अशी ही कसरत. किरण किंचित जास्त रेंगाळला की धातू वाफ होऊन उडतो, थेंब उडतात, भागात छिद्रे राहतात. वाफ थंड होऊन काजळीसारखी पेटीच्या काचेवर बसते, काच मंदावते, आणि पुढच्या थराला किरण अपुरा पडतो. मिश्रधातूतले जस्त तर ९०७ अंशांनाच उकळते, त्यामुळे ते आधी निसटते आणि जो मिश्रधातू भरला तो बाहेर येईपर्यंत वेगळाच झालेला असतो. किरण कमी ठेवावा तर कणांभोवतीची ऑक्साइडची साल फुटत नाही आणि कण एकमेकांना धरत नाहीत. काही धातूंसाठी लेसरऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोत वापरतात, पण तो निर्वातात चालवावा लागतो, आणि निर्वातात तापवलेले मॅग्नेशियम काय करते हे पिजनच्या नळकांड्याने दाखवलेच आहे. जो गुण कॅनडातल्या भट्टीत वरदान, तोच इथे शाप.

म्हणून काम सावकाश पुढे सरकले. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातील संशोधकांनी आधी नुसत्या एकेरी रेघा ओढून पाहिल्या आणि २०११ साली लेसरने शुद्ध मॅग्नेशियम वितळवण्याचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. वुहानच्या संशोधकांनी २०१४ साली एझेड९१ या नेहमीच्या ओतीव मिश्रधातूचे ९९ टक्क्यांहून अधिक भरीव नमुने केले. हे नमुने साच्यात ओतलेल्या त्याच धातूपेक्षा अधिक मजबूत भरले, कारण लेसरखाली धातू इतक्या झटकन गोठतो की त्याचे दाणे मोठे व्हायला वेळच मिळत नाही. आखेनच्या संस्थेने पेटीतला वायूचा प्रवाह असा बांधून घेतला की वाफ काचेपर्यंत पोचण्याआधीच वाहून जावी, आणि डब्ल्यूई४३ च्या नाजूक जाळ्या करून दाखवल्या.

ही कामे जिथे चालतात तिथली शिस्त ऐकण्यासारखी आहे. पेटीत हवा ठेवीत नाहीत. आर्गॉन हा कोणाशीही संयोग न करणारा वायू भरतात आणि ऑक्सिजन हजारात एक भागापेक्षाही कमी ठेवतात. भुकटीचे डबे बंद. विजेची ठिणगी पडू नये म्हणून यंत्र, फरशी, माणसाचे बूट, सगळे जमिनीशी जोडलेले. सर्वांत धोक्याची असते ती गाळणीत साठलेली काजळी. तिचे कण इतके सूक्ष्म की हवा लागताच पेटू शकतात, म्हणून गाळणी उघडताना विशेष काळजी घेतात. आगीसाठी कोरडी वाळू आणि धातूंच्या आगीसाठीची खास भुकटी हाताशी ठेवलेली असते. पाण्याची बादली तिथे ठेवीत नाहीत.

या धातूचा दुसरा जुना दोष म्हणजे तो खाऱ्या पाण्यात झिजतो. लोखंड, तांबे, निकेल यांचा नुसता स्पर्शसुद्धा त्याला पुरतो. १९४२ साली डाऊ कंपनीतल्या हॅनवॉल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की लोखंडाचा अंश टक्क्याच्या सुमारे साठाव्या भागावर गेला तरी झिजण्याचा वेग एकदम वाढतो. मोटारवाल्यांची ही डोकेदुखी. पण शस्त्रवैद्यांना त्यात फार पूर्वीच एक आशा दिसली होती. १८७८ साली एडवर्ड ह्यूस या अमेरिकन डॉक्टरने रक्तवाहिनी बांधायला मॅग्नेशियमची तार वापरली. काही दिवसांनी ती शरीरातच विरघळून गेली. १९०६ च्या सुमारास बेल्जियमच्या आल्बाँ लँबोत यांनी मोडलेल्या पायाच्या हाडाला मॅग्नेशियमची पट्टी बसवली, पण ती पोलादी खिळ्यांनी. दोन निराळे धातू आणि मध्ये रक्ताचे खारे पाणी, म्हणजे ती बॅटरीच झाली. आठ दिवसांत पट्टी विरघळली आणि कातडीखाली वायू साचून सूज आली. त्यांचे शिष्य व्हरब्रूग यांना पुढे लहान मुलांच्या हाडांवर बरे यश आले, पण तोवर न गंजणारे पोलाद आले आणि मॅग्नेशियम मागे पडले.

हाड मोडलेल्या माणसाच्या दृष्टीने या गोष्टीचे मोल काय, ते खेड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. पोलादी पट्टी बसवली की अनेकदा ती काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया. पुन्हा शहरात जायचे, पुन्हा खाट, पुन्हा खर्च आणि बुडालेली मजुरी. पट्टी आपोआप विरघळली तर ही दुसरी फेरी वाचते. जर्मनीत बनवलेल्या मॅग्नेशियमच्या स्क्रूला युरोपात २०१३ साली वापराची परवानगी मिळाली. हे स्क्रू मात्र थर रचून केलेले नव्हेत. कांडीपासून यंत्रावर कातून काढलेले. हाडाचा तुकडाच गेला असेल, तर तिथे स्क्रू पुरत नाही. जागेच्या मापाची जाळी हवी, जिच्या छिद्रांतून नवे हाड वाढत जाईल आणि जाळी मागे हटत जाईल. अशी जाळी भुकटी आणि लेसर यांनीच जमते. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डब्ल्यूई४३ ची अशी जाळी शरीरद्रवासारख्या पाण्यात चार आठवडे ठेवली. तेवढ्यात तिचा सुमारे पाचवा हिस्सा झिजला, आणि तरीही तिचा ताठरपणा हाडाच्या आतल्या सच्छिद्र भागाएवढा राहिला होता. म्हणजे वेग साधारण पटण्याजोगा आहे. मात्र प्रयोगशाळेतले पाणी आणि माणसाचा पाय यांत अंतर असते; वायू किती सुटतो, यट्रियमसारखे धातू शरीरात कुठे जातात, जाळीची दांडी एखाद्या ठिकाणी आधीच तुटते का, हे सगळे तपासत तपासत पुढे जावे लागते, आणि ते काम आखेनला, डेल्फ्टला, चीनमधल्या काही विद्यापीठांत चालू आहे.